ओटीजी, नानकटाई आणि पौडची वीज

ओटीजी ओव्हनची कळ १६० अंशांवर होती. आत टांगलेल्या थर्मोकपलचा आकडा मात्र १४०च्या खाली उतरत होता आणि १८०च्या वर चढत होता. हा ओव्हन पौडजवळच्या एका काकूंचा; त्या घरून नानकटाई विकतात. "एक ट्रे पांढराफटक, दुसरा करपलेला. गिऱ्हाइकाला काय सांगू?" हिंजवडीत नोकरी करणारा त्यांचा पुतण्या आणि मी कंट्रोलर बनवायला बसलो.

थर्मोस्टॅटमधली द्विधातूची पट्टी तापून वाकली की वीज तुटते. पण लालबुंद कॉइल त्यानंतरही उष्णता सोडतच राहते. म्हणजे १६० येण्याआधीच हात आखडता घ्यायला हवा आणि तो किती, हे दर वेळी नव्यानं ठरवायला हवं.

सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलं: अर्डुइनो उनो, के-टाइप थर्मोकपल, मॅक्स६६७५ चिप, सॉलिड स्टेट रिले. के-टाइप अंशामागे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतो. ही चिप त्यावरून पाव अंशाच्या पायऱ्यांनी तापमान सांगते. उकळत्या पाण्यात आकडा ९८च्या आसपास थांबला, तेव्हा पुतण्या सेन्सरवर संशय घेऊ लागला. पण पौडच्या उंचीवर पाणी तेवढ्यावरच उकळतं!

खरा वेळ गेला तो सेन्सरची जागा शोधण्यात. कॉइलसमोर धरला तर तिची थेट धग खाऊन तो फुगवून सांगतो, दाराशी ठेवला तर कमी दाखवतो. शेवटी ट्रेच्याच उंचीवर, पत्र्याला न टेकवता बसवला. प्रोग्रॅम त्यामानानं सोपा. त्यातली पीआयडी ही नियंत्रणाची पद्धत तीन गोष्टी पाहते: आत्ता किती अंश कमी आहेत, मागची तूट किती साचली आणि तापमान कोणत्या वेगानं बदलतंय. त्यावरून दर दोन सेकंदांतला किती वेळ कॉइल चालू ठेवायची, ते ठरतं.

या तिन्हींना किती वजन द्यायचं, याचे पुतण्यानं हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये जुळवून आणलेले आकडे इथे चालेनात. पावसाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १९०वर येतं आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गानुसार घटतात, त्यामुळे १५०० वॅटची कॉइल हजाराच्या घरात येते. (मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला होणारी वीज मुंबईला जाते, हे काकूंनी न विचारता ऐकवलं.) तूट साचवून पाहणारा भाग ही कसर हळूहळू भरून काढतो. मात्र ओव्हन तापत असताना तो भलतंच साचवून नंतर उसळी मारतो, म्हणून त्याला मर्यादा घातली.

जुना थर्मोस्टॅट काढायचा नाही, यावर मी अडून बसलो. सॉलिड स्टेट रिले बिघडला तर बहुतेकदा चालू अवस्थेतच अडकतो, मग मायक्रोकंट्रोलर कितीही शहाणा असला तरी काही करू शकत नाही. त्यामुळे थर्मोस्टॅट २३० अंशांवर लावून विजेच्या वाटेतच ठेवला. रिलेला ॲल्युमिनियमचा हीटसिंक दिला, बॉडीला अर्थिंग केलं.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. "लाइट पाच मिनिटांनी आली तर पुढे चालू झालं पाहिजे. पण मी शेतावर असताना आपोआप पेटायला नको," काकू म्हणाल्या. ठरलं असं, की वीज आल्यावर आत १२० अंशांच्या वर ऊब असेल तरच पुढे चालू, नाहीतर बझर वाजवून बटणाची वाट पाहायची. त्यासाठी उरलेला वेळ अर्डुइनोच्या कायमच्या स्मृतीत लिहून ठेवावा लागतो. एका जागी सुमारे लाखभर वेळा लिहिता येतं. सेकंदाला एकदा म्हटलं तर २८ तासांत संपलं. पुतण्या जागा बदलत लिहिण्याची युक्ती समजावू लागला.

"नानकटाईला सेकंद कोण मोजतं रे? मिनिटाला एकदा लिही," काकू म्हणाल्या आणि ट्रेला तूप लावायला वळल्या.