कानात गाणारं इंजिन

सेस्ना १७२ हे चार आसनांचं छोटं विमान. वैमानिक हेडफोन चढवतो आणि कानात बारीक शिट्टी वाजू लागते. थ्रॉटल पुढे सारला की तिची पट्टी चढते, मागे ओढला की उतरते. इंजिन चक्क कानात गातंय! पण ते तिथवर पोहोचलं कसं?

इंजिन अल्टरनेटर फिरवतं. त्यात तयार होणारी वीज सतत दिशा बदलणारी. सहा डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात. तरी प्रवाह अगदी सपाट होत नाही, अंगावर इवल्या लाटा उरतातच. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर सेकंदाला शंभर वेळा फिरला, तर अशा लाटा किती? ३,६००! पियानोच्या अगदी शेवटच्या पट्ट्यांजवळचा हा सूर. एखादा डायोड निकामी झाला की लाटा फुगतात, शिट्टी कर्कश होते.

प्रत्येक गोंगाटाची चाल वेगळी. इंजिनातलं इंधन पेटवणाऱ्या मॅग्नेटोच्या ठिणग्यांची टरटर इंजिनाबरोबर वेग घेते. पंखावरचा लुकलुकणारा दिवा प्रत्येक झगमगाटाआधी वीज साठवतो, तेव्हा ‘कुईंऽऽ’ असा चढता सूर निघतो.

मग चोर पकडायचा कसा? स्विचनं! विमान जमिनीवर उभं असताना इंजिन चालू ठेवून अल्टरनेटर बंद करा. रेडिओ बॅटरीवर चालतच राहतो. शिट्टी गेली? उगम सापडला. आता शिरकावाची वाट शोधा. रेडिओचा आवाज पार कमी केल्यावरही गोंगाट तेवढाच राहिला, तर तो रेडिओच्या पुढे, ऑडिओच्या तारांतून घुसतोय.

आणि इथेच खरी गंमत आहे. विमानाचा ॲल्युमिनियमचा सांगाडा हीच विजेची परतीची तार असते! त्यातून १० अँपिअर वाहत असताना वाटेत ओहमच्या हजाराव्या भागाइतका अडथळा असला, तरी दोन टोकांत १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. प्रवाहावरच्या लाटा या फरकातही डुलत राहतात. मायक्रोफोनच्या जॅकची कड पत्र्याला टेकली, की त्या लाटा बोलण्याच्या नाजूक संदेशात मिसळतात आणि इंटरकॉम दोन्ही मिळूनच मोठे करतो.

उपाय? जॅक आणि पत्रा यांच्यामध्ये वीज न वाहू देणारे वॉशर बसवायचे. इंजिन तसंच गरजत राहतं, लाटाही तशाच उसळतात. फक्त त्यांची कानापर्यंतची वाट बंद होते.