शनिवार पाळणाऱ्यांचा मोहल्ला

आगरदांड्याहून सुटलेली फेरीबोट राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला लागते. पुढे बोर्ली पंचतनवरून रस्ता दिवेआगरला जातो. याच किनाऱ्यावरच्या माणसांनी पुढे इस्रायलच्या नेगेव वाळवंटात मराठी बोलणारी वस्ती केली!

ही माणसे म्हणजे बेने इस्रायली यहुदी. नवगावजवळ जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असे ते सांगतात. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे.

गावात त्यांची घरे दोन-चारच. सामूहिक प्रार्थनेला मात्र किमान दहा प्रौढ पुरुष हवेत, आणि शनिवारी वाहनात बसायचे नाही! म्हणजे प्रार्थनास्थळ पायी जाण्याइतके जवळ हवे. पुढे मुंबईत आल्यावर एकत्र राहण्यामागे नोकरी आणि नातीगोती होतीच, पण धर्माचा हा हिशेबही मोहल्ला बांधायला पुरेसा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले आणि 1796 मध्ये त्यांनी मांडवीत मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. ते ज्या रस्त्यावर आहे तो सॅम्युएल स्ट्रीट. शेजारच्या मस्जिद स्टेशनाचे नावही याच सिनेगॉगवरून पडले, असे म्हणतात.

1948 मध्ये इस्रायल झाले आणि हजारो जण तिकडे निघाले. सरकारने अनेकांना नव्याने वसवलेल्या गावांत धाडले. 1955 मध्ये उभे राहू लागलेले नेगेवमधले दिमोना त्यांपैकीच. गंमत अशी, की तिथे शनिवारी सगळा देशच सुट्टीवर! कोकणात ज्या गोष्टीने ते वेगळे ठरत, तिचे इथे कुणाला अप्रूप नव्हते. आता वेगळी ठरली ती मराठी. शिवाय काही रब्बी, म्हणजे धर्मगुरू, त्यांच्या लग्नांना आडकाठी करू लागले. त्याविरुद्ध त्यांनी निदर्शने केली आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. मला ही कोकणी चिवटाई वाटते.

नवस फेडायला एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करण्याची प्रथाही त्यांनी सोबत नेली: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि भोवती फळे. जगातले इतर यहुदीही एलियाहूला मानतात, पण त्याच्यापुढे पोह्यांचे ताट मांडतात ते हेच.