टॅबलेट, माइक आणि रजई

दिल्लीच्या मयूर विहार फेज वनमधल्या फ्लॅटमध्ये गाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर आधी बाहेरचा कार्यक्रम संपू द्यावा लागतो. सकाळी कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत येते. मागोमाग भाजीवाला. हल्ली तो स्वतः ओरडत नाही, गाडीवरचा भोंगा कांदा-टोमॅटोचे भाव सांगत राहतो. ब्लू लाइनची मेट्रो इथे २००९ पासून खांबांवरून धावते, पिंक लाइनही इथूनच जाते. उत्तर गुरुवायूरप्पन मंदिरात उत्सव असेल तर चेंडे हे केरळी ढोल वाजतात, आणि ते इतके सुरेख वाजतात की तक्रार करायचीही सोय नाही. रात्री अकरानंतर उरते ती चौकीदाराची शिटी. खरं रेकॉर्डिंग सुरू होतं ते तेव्हा.

नोएडाच्या सेक्टर १६-अ मधली फिल्म सिटी इथून चार-पाच मेट्रो स्टेशनांवर आहे. पण मंडळाच्या गणेशोत्सवासाठी दोन अभंग रेकॉर्ड करायला, किंवा पुण्यातल्या गुरूंना आठवड्याचा रियाज पाठवायला, तासाच्या भाड्याने स्टुडिओ कोण घेणार? सोसायट्यांमधल्या नोकरदार गाणाऱ्यांसाठी टॅबलेट उपयोगी पडतो तो इथे. तो संगणकाचा धाकटा भाऊ आहे असं समजून पुष्कळ लोक त्याच्याकडे वळतात. माझं मत वेगळं आहे. आपल्या संगीतापुरतं बोलायचं तर टॅबलेटने संगणकापेक्षा पेटी-तानपुऱ्याची जागा अधिक घेतली आहे. तो गाणाऱ्याच्या शेजारी बसतो, साथ करतो, आणि जाता जाता रेकॉर्डही करतो.

सुरुवात मात्र साथीतून झाली नव्हती. आयपॅड बाजारात आला एप्रिल २०१० मध्ये. त्याच वर्षी गोरिलाझ या ब्रिटिश बँडच्या डेमन अल्बर्नने अमेरिकेच्या दौऱ्यात, हॉटेलांच्या खोल्यांमध्ये बसून, मुख्यतः त्यावरच ‘द फॉल’ हा अख्खा अल्बम केला आणि नाताळच्या दिवशी चाहत्यांना ऐकायला दिला. लोकांनी तेव्हा त्याला गंमत म्हटलं. (याच गोरिलाझने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अल्बमात आशा भोसले गायल्या आहेत.) मार्च २०११ मध्ये गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं अ‍ॅप आयपॅडवर आलं, पाच डॉलरांच्या आत. पुढे ते फुकटच झालं. २०१५ पासून एका अ‍ॅपच्या आत दुसरं वाद्य किंवा इफेक्ट बसवण्याची पक्की सोय झाली, आणि मे २०२३ मध्ये लॉजिक प्रो हे व्यावसायिक स्टुडिओंमधलं सॉफ्टवेअरही टॅबलेटवर उतरलं. गंमतीचे दिवस तिथे संपले.

प्रत्यक्ष मांडणी साधी आहे. टॅबलेटच्या भोकात एक हब, हबमध्ये ऑडिओ इंटरफेसची डबी, डबीत माइकची जाड तीन-पिनी केबल आणि हेडफोन. माइकचा आवाज डबीत आकड्यांत बदलतो आणि टॅबलेट ते आकडे साठवतो. डबी घेताना एकच विचारायचं: ड्रायव्हर न टाकता चालते का? टॅबलेटवर सहसा ड्रायव्हर टाकता येत नाही. दुसरी अडचण विजेची. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात. ते डबी देते, पण डबीला वीज टॅबलेटकडून हवी असते. जुने टॅबलेट इथे हात वर करतात आणि पडद्यावर सूचना येते की जोडलेलं उपकरण फार वीज मागतं आहे. म्हणून हब बाहेरून वीज घेणारा असावा. नव्या मॉडेलांमध्ये यूएसबी-सी आल्यापासून हे दुखणं बरंच कमी झालं आहे.

पण विजेच्या बाबतीत टॅबलेटचा एक गुण टेबलाच्या संगणकाकडे नसतो. आपल्या घरांत अर्थिंगची बोंब. टेबलाचा संगणक, स्पीकर आणि डबी तीन वेगवेगळ्या सॉकेटांत लावली की रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची एक बारीक घूं शिरते. ती तानपुऱ्याखाली लपते असं वाटतं, पण लपत नाही. गाणं थांबलं की ती तिथेच असते. टॅबलेट बॅटरीवर, डबी टॅबलेटवर, आणि भिंतीतल्या सगळ्या पिना काढलेल्या, असं केलं की घूं गेली. अर्थात यासाठी डबी कमी वीज खाणारी हवी आणि माइक शक्यतो डायनॅमिक, म्हणजे ४८ व्होल्ट न मागणारा. दिल्लीच्या वीजपुरवठ्यावर ज्यांनी हयात काढली त्यांना या सुखाची किंमत सांगायला नको.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, विलंबाची. आपण गातो तो आवाज आकड्यांत जाऊन परत कानात यायला वेळ लागतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि १२८ नमुन्यांचा गठ्ठा ठेवला, तर एका बाजूचा विलंब सुमारे २.७ मिलिसेकंद. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दीड मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेकाही आपल्याला चारेक मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो, आणि त्याबद्दल कुठल्याही गवयाने कधी कुरकुर केलेली नाही. तारेच्या हेडफोनने काम चोख होतं. ब्लूटूथ मात्र घात करतो. तिथे विलंब शे-दीडशे मिलिसेकंदांवर सहज जातो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. जवळजवळ अर्धी मात्रा मागे राहून सम कशी गाठणार? अँड्रॉइडचे टॅबलेट याच मुद्द्यावर अनेक वर्षं मागे होते. आता परिस्थिती सुधारली आहे, पण मॉडेलागणिक फरक पडतो. दुकानात डबी जोडून, गाऊन बघितल्याशिवाय टॅबलेट घेऊ नये.

यंत्राच्या साथीचा इतिहास टॅबलेटपेक्षा जुना आहे. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी बाजारात आणली. तिचे आणि पुढच्या तानपुऱ्या-तबल्याचे डबे घराघरात पोचले. मग फोन आला आणि प्रसाद उपासनी यांचं ‘आयतबलाप्रो’ आलं. पट्टी लावा, ताल निवडा, लय बोटाने सरकवा. शिकणाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीने याच्यावर ठाय-दून घोटलं आहे.

त्यापुढची उडी पुण्याची. पंडित जसराज यांचे शिष्य आणि पेशाने सॉफ्टवेअर अभियंता असलेले संदीप रानडे यांनी ‘नादसाधना’ हे अ‍ॅप बनवलं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत ‘ना कोरोना करो’ ही बंदिश फोनाफोनी फिरली, तेच हे रानडे. त्यांचं अ‍ॅप तानपुरा वाजवतंच, शिवाय ऐकतं. आपला स्वर कुठे लागला, किती वर, किती खाली, ते गाताना त्याच क्षणी दाखवतं आणि गाण्याला धरून साथ उभी करतं. रेकॉर्डिंगही त्यातच. २०२१ मध्ये त्याला अ‍ॅपल डिझाइन अवॉर्ड मिळालं, नावीन्याच्या गटात. पाश्चात्त्य अ‍ॅपांमध्ये आपण आपलं गाणं कसंबसं कोंबत होतो. हे अ‍ॅप ख्याल गाणाऱ्याच्या डोक्यातून निघालं आहे, आणि ते वापरताना कळतं.

कारण कोंबण्यात नुकसान होतं. गॅरेजबँडचा कीबोर्ड बारा सारख्या भागांचा. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार त्या कीबोर्डच्या गांधारापेक्षा १४ सेंट खाली असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. हा तंटा पेटीपासूनचा आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली तीही याच तळमळीतून. टॅबलेटवर निदान उपाय सोपा आहे: स्वर जुळवण्याची सोय असलेलं अ‍ॅप घ्या, आणि नसेल तर रागसंगीताच्या रेकॉर्डिंगमध्ये कीबोर्डला हात लावू नका. अभंगाला चालतो. यमनाला नाही.

अभंग रेकॉर्ड करताना काय होतं ते सांगतो. आधी तानपुरा आपल्या पट्टीत, मग आठ मात्रांचा भजनी ठेका. दोन्ही फक्त हेडफोनमध्ये. माइक तोंडापासून एक वीत, आणि किंचित बाजूला, कारण ‘पंढरी’तला प आणि ‘भक्ती’तला भ सरळ माइकवर फुंकर मारतात. पहिल्या ट्रॅकवर गळा. दुसऱ्यावर टाळ, पण तो माइकपासून चार हात लांब, नाहीतर सगळी पातळी लाल. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत. उघडे असतील तर ठेक्याची टिकटिक गळ्याच्या ट्रॅकमध्ये शिरते आणि नंतर कुणाच्या बापाला काढता येत नाही. २४ बिटांत एका ट्रॅकचं एक मिनिट सुमारे साडेआठ एमबी खातं. सहा मिनिटांचा पाच ट्रॅकचा अभंग म्हणजे २६० एमबी. टॅबलेट विमानाच्या मोडवर टाकणं विसरू नये. तुकोबांच्या मध्यावर क्रेडिट कार्डवालीचा फोन येतो.

राहिली खोली. चुना लावलेल्या चार भिंतींत आवाज घुमतो, आणि घुमलेला आवाज कुठलंही अ‍ॅप नीट सुकवू शकत नाही. इथे दिल्लीची थंडी कामी येते. घरात रजया असतात. एक गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर, एक समोर, आणि कपड्यांचं कपाट उघडं. जानेवारीत हे सुख. जूनमध्ये पंखा बंद, एसी बंद, रजयांच्या मध्ये गाणारा, आणि तापलेला टॅबलेट आपणहून पडद्याचा उजेड कमी करतो. उन्हाळ्यात मी म्हणेन, रियाज करा, रेकॉर्डिंग पावसाळ्यानंतर.

टॅबलेटचा ठेका मात्र फार आज्ञाधारक. गाणारा चुकला तरी तो डोळे वटारत नाही, तिहाई आवडली तरी दाद देत नाही. यमुनेपलीकडे आयटीओजवळ, दीनदयाळ उपाध्याय मार्गावर, विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेलं गंधर्व महाविद्यालय आहे. मौद्गल्य हे विनायकराव पटवर्धनांचे शिष्य, पटवर्धन पलुस्करांचे. मयूर विहारातून मेट्रोने ही वाट अवघड नाही. आठवड्यातून एकदा तरी हाडामांसाच्या तबलजीसमोर बसलेला गळा टॅबलेटवर लगेच ओळखू येतो. तो ठेक्यावर चालत नाही, ठेक्याशी खेळतो. मिरजेच्या तानपुऱ्यालाही पर्याय नाहीच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मिरजेचा भोपळा दहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ठेवायला जागा आणि रोज जुळवायला कान, दोन्ही लागतात.

तेव्हा कुणी विचारलं, काय घेऊ, तर माझं उत्तर ठरलेलं. घरात पडलेला चार-पाच वर्षांचा टॅबलेट चालतो, नवा घेऊ नका. त्यातून वाचलेले पैसे चांगल्या डायनॅमिक माइकवर आणि कान झाकणाऱ्या तारेच्या हेडफोनवर घाला, डबी दोन माइकांचीच घ्या. टॅबलेटचं सॉफ्टवेअर कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात अपडेट करू नका. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगची प्रत त्याच रात्री बाहेरच्या ड्राइव्हवर काढा.