परिवलन पुंजांक
परिवलन पुंजांक हा अणूतील इलेक्ट्रॉनची अवस्था दर्शविणाऱ्या चार पुंजांकांपैकी चौथा होय. पहिले तीन इलेक्ट्रॉनचे ऑर्बिटल ठरवितात. याची मूल्ये मात्र दोनच, +१/२ आणि −१/२. १९२२ मध्ये स्टर्न व गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा तो दुभंगला. चांदीच्या ४७ इलेक्ट्रॉनांपैकी जोडीविना उरलेल्या एकाचे परिवलन हे त्याचे कारण, हे मागाहून उमगले. परिवलनाची कल्पना उलेनबेक व गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडली. नाव तसे फसवेच. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरत नाही. तसे मानून हिशेब केल्यास त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाहून अधिक येतो. पाउलीच्या नियमानुसार एका अणूतील दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक समान नसतात. म्हणून एका ऑर्बिटलमध्ये विरुद्ध परिवलनाचे दोनच इलेक्ट्रॉन मावतात.