बिदागीचा जमाखर्च

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाने हिशेब ठेवू नये, आणि ठेवलाच तर तो चारचौघांना दिसू देऊ नये, असा एक समज आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. बिदागीचे पाकीट घ्यायचे, मोजायचे नाही, सरळ खिशात घालायचे. मोजणारा तो कारकून, न मोजणारा तो कलावंत! बालगंधर्वांच्या कंपनीतील अत्तरांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो आणि त्याच कंपनीवरील कर्जाच्या गोष्टी हळहळत सांगतो. पण दोन्ही गोष्टी एकाच वहीच्या डाव्या-उजव्या बाजू होत्या, हे कुणी बोलत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांसारख्या करड्या शिस्तीच्या माणसाची मुंबईतील गांधर्व महाविद्यालयाची वास्तूसुद्धा अखेर कर्जापायी लिलावात गेली.

या लेखाचे निमित्त मात्र इतके थोर नाही. माझे मामा गेली तीस वर्षे तबल्याची साथ करीत आहेत. २०२३ साली एका खोलीचे घर घेण्यासाठी ते कर्ज मागावयास एका बँकेत गेले. साहेबांनी तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागितली. मामांनी पिशवीतून कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा काढला. प्रत्येकीवर त्यांचे नाव, काहींवर छायाचित्रही. साहेब गाण्याचे शौकीन निघाले, त्यांनी चहा मागवला, पण कर्ज दिले नाही. तीस वर्षांत मामांनी मिळवलेला एकही रुपया कागदावर त्यांच्या नावाने नव्हता. त्या दिवाळीच्या सुटीत मी व वाणिज्य शाखेतील एक मित्र मामांसमोर नवी वही घेऊन बसलो. तेव्हा जे उमजले ते येथे मांडतो.

प्रथम मूळ तत्त्व. प्राप्तिकर मिळकतीवर नसतो, उत्पन्नावर असतो; आणि मिळकतीतून व्यवसायाचा खर्च वजा केल्यावर जे उरते ते उत्पन्न. १९६१ च्या कायद्याने ‘प्रोफेशन’ या शब्दात ‘व्होकेशन’ही धरले, म्हणजे गाणे-वाजवणे त्यात आलेच. खर्चाची कसोटी अशी की, तो संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा, घरगुती नसावा आणि भांडवली नसावा. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले. ही कसोटी बदललेली नाही.

आता एक मैफल घेऊ. आकडे मी सोयीसाठी कल्पिले आहेत, पण रीत खरी आहे. एका मंडळाने गवयाला साठ हजार ठरवले. मंडळाने दहा टक्के, म्हणजे सहा हजार, करकपात करून ५४ हजार दिले. त्यातून गवयाने तबलजीला १२ हजार, पेटीवाल्याला १० हजार, तानपुऱ्यावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांना दोन-दोन हजार दिले आणि गाडीभाडे साडेसात हजार भरले. (तानपुऱ्यावरच्या विद्यार्थ्याला पैसे मिळाले, ही यातील सर्वांत कल्पित बाब!) वहीत जमा काय लिहायची? ५४ हजार नव्हे, साठ हजार. कापलेला कर हा खर्च नव्हे. तो आपल्या नावे सरकारजमा झालेला आगाऊ कर आहे आणि वर्षअखेर तो देय करातून वळता होतो, जास्त असेल तर परत मिळतो. साठ हजारांतून साथीदारांचे २६ हजार व गाडीचे साडेसात हजार वजा जाता साडेसव्वीस हजार उरतात. हे गवयाचे उत्पन्न. त्याने काहीच लिहिले नाही, तर सरकारदरबारी साठ हजार त्याच्या एकट्याच्या नावे दिसतात आणि तबलजी कुठेच दिसत नाही. मामांचे तीस वर्षे हेच झाले.

यात आणखी एक मेख आहे. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर तो खर्च वजा मिळत नाही. ३१ मार्च २०१७ पर्यंत ही मर्यादा वीस हजार होती. म्हणजे वरच्या उदाहरणात पेटीवाल्याचे दहा हजार रोखीने चालतील; तबलजीचे बारा हजार मात्र रोख दिले तर वरचे दोन हजारच नव्हे, सबंध बारा हजार नामंजूर होतील. धनादेशाने किंवा बँक खात्यावर पाठवले की गवयाचा खर्च सिद्ध होतो आणि तबलजीची मिळकतही. एकच कागद दोघांना तारतो. आम्ही हे मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अरे, बुवांकडे पावती कशी मागू? त्यांना वाटेल, माझा विश्वास नाही.” मी म्हटले, “मामा, तुम्ही पावती मागू नका, तुम्हीच पावती द्या.” हा तोडगा त्यांना पटला. पैसे घेणाऱ्याने तारीख, कार्यक्रम, रक्कम लिहून सही करून दिली, तर देणाऱ्याचा मान कुठेच दुखावत नाही. उलट त्याचीच सोय होते.

दुरुस्ती आणि खरेदी यांतला भेद वहीत सर्वांत जास्त चुकतो. तबल्याची पुडी बदलली, तानपुऱ्याला नव्या तारा चढवल्या, पेटीचे सूर लावून घेतले, तर तो चालू खर्च. त्याच वर्षी पूर्ण वजा होतो. मिरजेहून नवा तानपुरा आणला, तर ती मालमत्ता झाली. तिच्यावर दरसाल फक्त घसारा मिळतो. वाद्ये यंत्रसामग्रीच्या गटात धरली, तर दर १५ टक्के. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर असेल तर पहिल्या वर्षी निम्मा. डिसेंबरात चाळीस हजारांचा तानपुरा घेतला, तर मार्चअखेर तीन हजार वजा मिळतील. पुढच्या वर्षी उरलेल्या ३७ हजारांवर १५ टक्के, म्हणजे ५,५५०. वाद्य वयानुसार मुरते आणि कायद्याच्या हिशेबी झिजते, ही गंमत आहेच. येथेही एका दिवशी दहा हजारांवरची रक्कम रोख दिली, तर ती किमतीत धरली जात नाही.

घरातल्या एका खोलीत शिकवणी चालत असेल, तर भाडे व वीज यांचा त्या प्रमाणातला भाग वजा होतो. सगळे घर ‘रियाजाचे’ म्हणून दाखवू नये. कपड्यांचेही तसेच. घुंगरू नर्तकीखेरीज कोण बांधणार? पैठणी मात्र मैफलीलाही चालते आणि लग्नालाही, म्हणून ती मागू नये, असे माझे मत.

गळा बसला आणि उपचार केले तर? हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. ज्येष्ठ विधिज्ञ शांती भूषण यांनी हृदयशस्त्रक्रियेचा खर्च वकिलीचा खर्च म्हणून मागितला होता. हृदय हे काही व्यवसायाचे यंत्र नव्हे, असे ठरवून दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली तो नाकारला. त्याहून मासलेवाईक खटला इंग्लंडमधला, १९७० च्या निवाड्यांत छापलेला. एक नकाशे काढणारा गृहस्थ पैसे घेऊन गिटारही वाजवी. बोट कापले, शस्त्रक्रिया करावी लागली. खर्च नामंजूर झाला, कारण तो केवळ पैशासाठी वाजवत नव्हता, आनंदासाठीही वाजवत होता! ‘केवळ’ या एका शब्दाची धार किती, ते यावरून कळावे.

कायद्यात एक यादी आहे. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद वगैरेंबरोबर १९७७ पासून तीत ‘चित्रपट कलावंत’ आले. त्यांत गायक, गीतकार व संगीत दिग्दर्शकही मोडतात. यादीतल्या व्यवसायांना २०१६-१७ पासून एक सोपी वाट आहे. मिळकत ५० लाखांच्या आत (रोखीचा भाग ५ टक्क्यांपर्यंतच असेल तर ७५ लाखांच्या आत) असेल, तर निम्मी मिळकत उत्पन्न म्हणून दाखवावी. बिले जपण्याची यातायात नाही, पण मग वेगळा खर्चही मागता येत नाही. तेव्हा पार्श्वगायकाला ही वाट सरळ मोकळी आहे. मंचावरचा साथीदार यादीत नावानिशी नाही. त्याने सल्ला घेतल्याशिवाय या वाटेने जाऊ नये. त्याच्यासाठी रोजकीर्द, खतावणी आणि बिलांची फाइल हाच राजमार्ग.

अनेकांचा समज आहे की, नव्या करप्रणालीत वजावटीच गेल्या, मग वही कशाला? गेल्या त्या विमा, भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या बचतीच्या वजावटी. व्यवसायाचा खर्च व साधा घसारा नव्या प्रणालीतही वजा होतोच. २०२५-२६ पासून या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, हे खरे; पण कापलेला कर परत हवा असेल, तर विवरणपत्र मुदतीत भरावेच लागते. मामांनी दोन-तीन महोत्सवांना पॅन क्रमांकच दिला नव्हता. तिथे दहाऐवजी वीस टक्के कापले गेले. त्या रकमेवर आता पाणी सोडावे लागले आहे.

वस्तू व सेवा कराची भीती बहुतेकांनी बाळगू नये. वर्षाची मिळकत वीस लाखांच्या आत असेल, तर नोंदणी लागत नाही. शिवाय शास्त्रीय व लोककलेच्या एका कार्यक्रमाचे मानधन दीड लाखापर्यंत असेल, तर ते करमुक्त आहे. ख्याल आणि लावणी यांत सरळ बसतात. भावगीत बसते का, यावर आमच्या वर्गात दोन तास वाद झाला आणि तास बुडाला.

मामांच्या वहीला लाल पुठ्ठा आहे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि मधल्या चिमटीत एसटीची तिकिटे. परवा त्यात पुडीवाल्याचे साडेआठशेचे बिल लावताना ते म्हणाले, “तीस वर्षांत पुड्यांवरच किती गेले असतील रे?” मी गुणाकार करू लागलो, तर नको म्हणाले. बँकेला तीन वर्षांची विवरणपत्रे हवी आहेत. दोन झाली, तिसरे यंदा भरू.