धातुशोधकाचा कान : कॉइलची झीज, बिघाड आणि निगा

विहिरीवरची मोटर जळाली की पाणी येत नाही. घड्याळाचा सेल संपला की काटे थांबतात. बहुतेक यंत्रे बिघडली की तसे सांगून मोकळी होतात. धातुशोधकाचे तसे नाही. तो बिघडल्यावरही चालूच राहतो. धातू नसलेल्या जागी वाजतो आणि असलेल्या जागी गप्प बसतो. हा दोष पुष्कळदा दांड्यावरच्या डबीत नसून जमिनीलगत फिरणाऱ्या चकतीत असतो. या चकतीला कॉइल म्हणतात. डबी म्हणजे यंत्राचा मेंदू धरला, तर कॉइल हा त्याचा कान आहे.

माझे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत तासन्‌तास बसून, मिळतील ती पुस्तके वाचून आणि निकामी कॉइल करवतीने कापून जे समजले, ते इथे मांडतो आहे.

हा विषय वाटतो तितका आडवळणाचा नाही. शिर्डीच्या दर्शनरांगेत चौकटीतून जाताना आपण कॉइलमधूनच जातो. डांबराखाली गाडला गेलेला पाणीयोजनेचा व्हॉल्व्ह कॉइलनेच सापडतो. संगमनेर, राहाता, राहुरीकडच्या दूधधंद्यात तर तिच्यावर जनावराचा जीव अवलंबून असतो. गाय चारा चावून खात नाही, ओढून गिळते. चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा पोटात गेला, की तो जठराच्या दुसऱ्या कप्प्यात, जाळीत, अडकतो. तिथून हृदय काही बोटांवर असते. अशा वेळी पशुवैद्यक गाईच्या डाव्या कोपरामागे आणि छातीखाली धातुशोधक फिरवून पाहतात. यंत्र वाजले म्हणजे तार रुतलीच असे नाही, कारण निरोगी गाईंच्या पोटातही लोखंड सापडते. पण कॉइल बहिरी झाली असेल, तर तार असूनही यंत्र गप्प राहील आणि ती शांतता खरी मानली जाईल.

कॉइलच्या आत काय असते? साध्या शेतजमिनीवर वापरायच्या यंत्रात तांब्याच्या इनॅमल तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी वीज वाहते. तिच्यामुळे भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू आला, की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते. दुसरे वेटोळे ते क्षीण क्षेत्र ऐकते. अडचण अशी, की शेजारच्या पहिल्या वेटोळ्याचा गोंगाट त्या कुजबुजीच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून दोन्ही वेटोळी एकमेकांवर अशी ठेवतात, की पहिल्याचा परिणाम दुसऱ्यावर जवळजवळ शून्य व्हावा. कॉइलचा प्राण या तोलात आहे. वेटोळे केसभर सरकले तरी तोल ढळतो. ते सरकू नये म्हणून कारखान्यात आत राळ, म्हणजे इपॉक्सी, ओतून सगळे गोठवून टाकतात.

हे तत्त्व जुने आहे आणि त्याची फजितीही जुनी आहे. जुलै 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तोल साधलेल्या वेटोळ्यांचे यंत्र बनवून ती शोधण्याचा प्रयत्न केला. पण रुग्णाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूपुरताच घेऊ दिला. गोळी डावीकडे होती, हे सप्टेंबरात अध्यक्ष वारल्यावर शवविच्छेदनात कळले. आवाज ऐकू आला, तरी तो कुठून आला हे आधी ठरवावे लागते, हा धडा तेव्हाचा आहे.

आपल्याकडे बेलसाहेबांच्या स्प्रिंगांची जागा जमिनीनेच घेतली आहे. आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर, वसला आहे. या खडकात मॅग्नेटाइटसारखी चुंबकाला ओढली जाणारी लोहखनिजे असतात. कोणत्याही ओढ्याच्या कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरवून पाहा. त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. धातुशोधकाला हे कण दिसतात. त्यातच माती तापली की तिचे चुंबकीय गुण वाढतात, म्हणून जुनी चूल, वीटभट्टी किंवा पांढरीच्या टेकाडातला राखेचा थर इथेही यंत्र कुरकुरते. जमिनीचा हा आवाज वजा करण्याची सोय चांगल्या यंत्रात असते. पण ती वजाबाकी कॉइलचा तोल शाबूत आहे असे धरून चालते. जमीन गोंगाट करणारी असेल, तर तोल थोडासा ढळलेली कॉइलही लवकर उघडी पडते. शांत जमिनीवर जो दोष वर्षभर लपून राहील, तो बेसॉल्टवर पहिल्या दिवशी त्रास देतो.

आता बिघाडांकडे वळू. मी कापलेल्या कॉइलमध्ये सर्वांत जास्त आढळलेला दोष वेटोळ्यात नव्हता, वायरीत होता. वायर जिथून चकतीत शिरते, तिथे ती रोज शेकडो वेळा वाकते. वरचे रबर धड दिसते, पण आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. मग यंत्र एका कोनात वाजते, दुसऱ्या कोनात गप्प होते.

दुसरा दोष पाण्याचा. चकतीच्या सांध्याला केसासारखी चीर पडते आणि पावसाळी ओल आत जाते. ओलीने वेटोळ्यांचे विद्युत गुण बदलतात, आणि यंत्र सकाळी एक व दुपारी दुसरे बोलते.

तिसरा दोष उन्हाचा. राळ, प्लॅस्टिक आणि तांबे तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. वैशाखात गाडीच्या काचेमागे दिवसभर ठेवलेल्या कॉइलमधली राळ कवचापासून सुटू शकते. अशी कॉइल बोटाने टिचकी मारली तरी वाजते.

चौथा दोष कवचाचा. वेटोळ्यांभोवती ग्रॅफाइटचा लेप किंवा धातूची पातळ पट्टी असते. बाहेरचे विद्युत परिणाम ती अडवते. तिची जोडणी सुटली, की ओल्या गवताचा नुसता स्पर्श झाला तरी यंत्र ओरडते.

पाचवा दोष खरे तर दोषच नाही. चकतीखालच्या प्लॅस्टिकच्या झाकणात चुंबकीय माती साचते आणि आपण ती सोबत घेऊन फिरतो.

परीक्षा घरच्या घरी करता येते. पलंग, कपाट, विजेच्या तारा यांपासून दूर, कॉइल हवेत स्थिर धरावी. यंत्र शांत हवे. मग चकतीला हलकी टिचकी मारावी, वायर शिरते तिथे हळूच वाकवून पाहावी, चकतीला हात लावावा. प्रत्येक वेळी वाजण्याची तऱ्हा दोषाची जागा सांगते. त्यानंतर एक ठरावीक वस्तू चकतीसमोरून फिरवून ती किती अंतरावर ऐकू येते, हे पट्टीने मोजावे आणि वहीत तारखेसह लिहावे. यासाठी सध्याचा रुपया घेऊ नये. तो पोलादी असून चुंबकाला चिकटतो, त्यामुळे तांब्या-पितळेचा अंदाज देत नाही. एकच पितळी नट कायम राखून ठेवावा. अंतर महिन्यामहिन्याला घटत गेले, तर कान मंद होतो आहे असे समजावे. शक्य असल्यास त्याच यंत्राला दुसरी, त्याच जातीची कॉइल लावून पाहावी. दोष गेला तर तो कॉइलमध्ये होता. राहिला तर डबीकडे पाहावे. मल्टिमीटरने तार तुटली आहे की नाही ते कळते, तोल ढळला आहे की नाही ते कळत नाही.

दुरुस्तीलाही मर्यादा आहे. वायर तुटलेली असेल तर तो तुकडा कापून पुन्हा जोडता येतो. चीर पडली असेल तर कॉइल सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच चीर बुजवावी. ओल आत ठेवून वरून राळ लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. पण गोठलेल्या राळेत सरकलेले वेटोळे घरी जागेवर आणता येत नाही. मोटरची कॉइल पुन्हा गुंडाळणारा कसबी कारागीरही इथे हात टेकतो. तिथे नवी कॉइल घेणे हाच उपाय.

निगा साधी आहे. वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी, लोंबती ठेवू नये, कारण हलणारी वायरही खोटा आवाज करते. मात्र चकतीपाशी वाकण्यापुरती सैल सोडावी. झाकण काढून माती पुसावी. जोडणीचा नट बोटांनीच आवळावा, पकडीने नाही. चकती कुदळीसारखी ढेकळांवर आपटू नये. उन्हात गाडीत ठेवू नये.

हे सगळे सांगण्याचे एक कारण गुप्तधन हेही आहे. जुन्या वाड्यात, पांढरीत, शेतात धन पुरलेले आहे या समजुतीवर माणसे राहत्या घराचा पाया उकरतात. पूर्वी मांत्रिक जागा दाखवत असे. आता त्याच्या हातात यंत्र असते आणि ते वाजते, म्हणून विश्वास दुप्पट होतो. चिरलेली कॉइल, जुन्या चुलीची राख किंवा काळ्या पाषाणाचा एक धोंडा यांपैकी काहीही तो आवाज काढू शकते, हे कर्ज काढून खणणाऱ्याला कोणी सांगत नाही. जे खरोखर सापडते त्यालाही कायदा आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. 1974 मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार कांस्यशिल्पे सापडली. एकत्र वजन साठ किलोंहून अधिक. तिथे कोणतीही कॉइल फिरली नव्हती. ती शिल्पे आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती भट्टीत न जाता अभ्यासकांपर्यंत पोहोचली. यंत्र फक्त आवाज देते. तो जमिनीचा, बिघाडाचा की धातूचा हे ठरवायला वहीतली नोंद, पितळी नट आणि थोडा धीर लागतो. खणायला त्यानंतर घ्यावे, आणि तेही परवानगी असेल तरच.