घरचे ग्राफिक्स कार्ड आणि दूरच्या ताऱ्यांचे गणित

विज्ञानातील काही प्रश्नांची उत्तरे काढण्याची रीत ठाऊक असते, परंतु गणिताचा व्याप इतका प्रचंड असतो की मोठ्या संस्थेचा महासंगणकही त्याला पुरा पडत नाही. अशा गणिताचे परस्परांवर अवलंबून नसलेले लहान तुकडे पाडून ते इंटरनेटवरून सामान्य नागरिकांच्या संगणकांकडे धाडणे आणि आलेली उत्तरे जुळवणे, या पद्धतीस स्वयंसेवी वितरित संगणन असे म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या, परग्रहांवरील बुद्धिमान जीवसृष्टीचा मागोवा घेणाऱ्या ‘सेटी ॲट होम’ या प्रकल्पाने ही कल्पना घरोघरी पोहोचवली. त्यातूनच पुढे ‘बॉइंक’ ही मुक्त संगणकप्रणाली निर्माण झाली. सेटीने २०२० मध्ये नवे काम धाडणे थांबवले, तरी बॉइंकच्या आधाराने खगोलशास्त्रापासून गणितापर्यंतचे अनेक प्रकल्प आजही चालू आहेत.

या क्षेत्राला खरी गती दिली ती ग्राफिक्स कार्डाने. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि खेळ खेळताना त्यांतील प्रत्येकाचा रंग सेकंदाला अनेक वेळा नव्याने काढावा लागतो. मुख्य प्रोसेसरमध्ये मोजकी, परंतु नाना प्रकारची कामे करणारी गणनकेंद्रे असतात. ग्राफिक्स कार्डात मात्र एकच कृती वेगवेगळ्या आकड्यांवर एकाच वेळी करणारी शेकडो ते हजारो साधी केंद्रे असतात. ज्या शास्त्रीय गणितात तीच कृती असंख्य आकड्यांवर करायची असते, तेथे ही रचना विलक्षण उपयुक्त ठरते. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’ने २००६ मध्येच ग्राफिक्स कार्डांचा वापर सुरू केला होता. करोनाच्या साथीत, २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, लोकांनी आपले संगणक इतक्या मोठ्या संख्येने या प्रकल्पाला जोडले की त्याची एकत्रित क्षमता सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींच्या पलीकडे गेली.

या सामर्थ्याचा नेमका उपयोग कसा होतो, हे ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या २००५ पासून चालणाऱ्या प्रकल्पाच्या एका शोधावरून स्पष्ट होते. भुजंगधारी तारकासमूहातील एका ठिकाणाहून गॅमा किरण येतात, हे फार पूर्वीपासून ज्ञात होते, आणि तेथील दृश्य ताऱ्याचे तेज सुमारे ७५ मिनिटांच्या आवर्तनाने बदलते, हे २०१४ मध्ये आढळले. तेथे स्पंदक, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरत ठरावीक अंतराने किरणांचे झोत पाठवणारा न्यूट्रॉन तारा, असावा असा तर्क होता. परंतु अवकाशातील फर्मी या गॅमा-किरण दुर्बिणीने अनेक वर्षांत टिपलेल्या विरळ गॅमा कणांतून त्याची लय ओळखायची, तर फिरण्याची गती, ती मंदावण्याचा दर, आकाशातील अचूक स्थान आणि कक्षेचा आकार यांच्या अगणित जोड्या एकेक करून तपासणे भाग होते. एका प्रोसेसर-केंद्राला ज्यासाठी शतके लागली असती, ते काम स्वयंसेवकांच्या ग्राफिक्स कार्डांनी दोन आठवड्यांच्या आत उरकले. सेकंदाला पाचशेहून अधिक फेऱ्या घेणारा आणि सूर्याच्या सुमारे एक शतांश वस्तुमानाच्या जोडीदाराबरोबर फिरणारा हा स्पंदक २०२० मध्ये जाहीर झाला.

लिनक्स या कार्यप्रणालीवर अशा कामाला कार्ड जोडताना तीन गोष्टी जमून याव्या लागतात. पहिली म्हणजे योग्य ड्रायव्हर, म्हणजे कार्यप्रणाली आणि कार्ड यांच्यात संवाद घडवणारा दुवा. पडद्यावर चित्र दिसते म्हणजे कार्ड गणितालाही सज्ज आहे, असा समज येथे फसवा ठरतो. एनव्हीडियाच्या कार्डासाठी सामान्यतः कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो; एएमडीचा मूळ ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असला, तरी ‘ओपनसीएल’, अर्थात निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्डांना समजणारी गणनाची सामाईक भाषा, हाताळणारी संहिता निराळी बसवावी लागते. दुसरी गोष्ट परवानगीची. लिनक्सच्या अनेक वितरणांत बॉइंक ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा असून ती ‘बॉइंक’ याच नावाच्या मर्यादित अधिकारांच्या खात्यातून चालते. त्या खात्याला ‘व्हिडिओ’ आणि ‘रेंडर’ या गटांत सामील केले नाही, तर ड्रायव्हर व्यवस्थित असूनही कार्ड त्याच्या हाती येत नाही आणि बॉइंकच्या नोंदवहीत वापरण्याजोगे कार्ड सापडले नाही असा संदेश उमटतो. तिसरी गोष्ट क्रमाची: बॉइंक कार्डाचा शोध सुरू होतानाच घेते, त्यामुळे ड्रायव्हर नंतर सज्ज झाला असेल तर सेवा पुन्हा सुरू करावी लागते.

तांत्रिक जोडणीइतकेच महत्त्व खर्चाच्या जाणिवेला आहे. संगणकाची पडून असलेली शक्ती फुकट वापरली जाते, हे या चळवळीविषयीचे प्रचलित वर्णन अपुरे आहे, कारण गणनेत गुंतलेले कार्ड खरोखरच वीज खर्च करते. २०० वॅट घेणारे कार्ड दिवसरात्र चालले तर दिवसाला ४.८ आणि तीस दिवसांच्या महिन्याला १४४ युनिट वीज लागते, शिवाय उन्हाळ्यात खोलीत साचणारी उष्णता वेगळी. एनव्हीडियाच्या ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या ‘एनव्हीडिया-एसएमआय’ या साधनाने तापमान पाहता येते आणि बहुतेक कार्डांवर विजेची कमाल मर्यादाही बांधता येते. बॉइंकमध्ये कामाच्या वेळा ठरवता येतात. म्हणून स्वयंसेवकाने आपल्या ऐपतीप्रमाणे मर्यादा आखणे आणि उद्दिष्ट पटलेल्या प्रकल्पालाच संगणक देणे, हेच या दानाचे शहाणपण होय.

या देवघेवीत विश्वासाची बाजूही भक्कम आहे. अनोळखी संगणकाचे उत्तर जसेच्या तसे स्वीकारले जात नाही. अनेक प्रकल्पांत एकच काम दोन निरनिराळ्या यंत्रांकडे जाते आणि उत्तरे जुळली तरच ती ग्राह्य धरली जातात. अशा पडताळलेल्या उत्तरांच्या बळावर आइन्स्टाइन ॲट होममध्ये गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ वेधशाळांच्या नोंदींतून अखंड वाहणाऱ्या लहरींचाही शोध घेतला जातो. अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मान्यता दिली आहे. वेधशाळा उभारणे सरकारांचे आणि संस्थांचे काम असले, तरी तिच्या नोंदींतून अर्थ काढण्याच्या श्रमात सामान्य माणसाला वाटेकरी होता येते, आणि त्यासाठी पदवीची अट नसून आपल्या यंत्राची नीट ओळख व विजेच्या बिलाचा प्रामाणिक हिशेब एवढेच पुरेसे आहे.